तळकरांचा ळ

सॅन फ्रान्सिस्कोत जुलै महिन्यात थंडी वाजते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खाडीच्या दक्षिणेला, आम्ही राहतो तिकडे, रणरणतं ऊन होतं. सुती कुर्ता घालून निघाले आणि तासाभराने कॅस्ट्रो स्ट्रीटवर उतरले, तर समुद्रावरून धुक्याचे लोट आत येत होते आणि रांगेतल्या झाडून सगळ्या आज्यांनी स्वेटर-मफलर चढवले होते. एकीने माझ्याकडे बघून मान हलवली. अलिबागला जूनमध्ये छत्रीशिवाय बाहेर पडलेल्या पोरीकडे बघून हलवतात, अगदी तशी.

रांग ज्यू चित्रपट महोत्सवाची होती. तिकीट माझं नव्हतंच. ऑफिसातल्या एका बाईंच्या नातवाला ताप आला म्हणून त्यांनी दुपारी माझ्या टेबलावर पाकीट आणून ठेवलं. तू तरी जा, वाया नको जायला, म्हणाल्या. वाया घालवायचं नाही, एवढ्या एकाच तत्त्वावर मी गेले. ही २०१० सालची गोष्ट. त्यानंतर बहुतेक वर्षी जाते. आता स्वेटर नेते.

कॅस्ट्रो थिएटर १९२२ सालचं. चौदाशेच्या आसपास खुर्च्या, छताला सोनेरी नक्षी, गिरगावातल्या जुन्या नाट्यगृहांना भरपूर पैसा मिळाला असता तर ती कशी दिसली असती, तसं काहीतरी. खेळाआधी एक माणूस पडद्यासमोर बसून ऑर्गन वाजवायचा. शेवटी शहराच्या नावाचं ते जुनं गाणं आलं की सगळं प्रेक्षागृह ठेक्यावर टाळ्या धरायचं, मग अंधार. आपल्याकडे तिसरी घंटा झाली की पोटात जे होतं, ते मला परदेशात पहिल्यांदा तिथे झालं. (२०२४ च्या सुरुवातीला हे थिएटर नूतनीकरणासाठी बंद झालं आणि महोत्सवाला दुसरी घरं शोधावी लागली. त्या वर्षी मला उगाच माहेर बदलल्यासारखं वाटलं.)

हा महोत्सव डेबोरा कॉफमन यांनी १९८० साली सुरू केला. अशा प्रकारचा जगातला पहिलाच. हॉलिवूडमध्ये ज्यू निर्माते पुष्कळ, पण पडद्यावरचा ज्यू माणूस ठरावीक साच्याचा: घाबरट वकील, नाहीतर मुलाच्या मागे जेवणाचं ताट घेऊन फिरणारी आई. याहून वेगळे ज्यू लोक जगात आहेत, ते दाखवू या, इतकी साधी कल्पना. ती इतकी पसरली की आज बॉस्टन, टोरांटो, अटलांटा, लंडन, जिथे म्हणून बऱ्यापैकी ज्यू वस्ती आहे तिथे असा महोत्सव आहे. १९९० मध्ये, सोव्हिएत संघ अजून उभा असताना, ही मंडळी आपले चित्रपट घेऊन थेट मॉस्कोला गेली होती. ज्या देशात ज्यू असणं ही ओळखपत्रावरची नोंद होती आणि सार्वजनिक ठिकाणी मात्र न बोलण्याची गोष्ट, तिथे.

मला स्वतःला इतिहासापेक्षा रांग जास्त आवडते. या रांगेत कुणी गप्प उभं राहत नाही. पुढचा मागच्याला विचारतो, काल काय पाहिलंस. मग तो सांगतो, आणि त्याच्या मागचा म्हणतो, छे, तुला कळलाच नाही तो. चित्रपट संपल्यावर दिग्दर्शक पुढे येतो आणि ध्वनिक्षेपक फिरू लागतो. संयोजक बजावतात, प्रश्न विचारा, भाषण नको. पहिला हात वर करणारे आजोबा भाषण करतात. दुसऱ्या आजी त्यांना बसल्या जागेवरून उत्तर देतात. दिग्दर्शक बिचारा पाण्याची बाटली धरून उभा. आमच्या महाराष्ट्र मंडळाची वार्षिक सभा पाहिलेल्या कुणालाही इथे परकं वाटू नये.

फरक एवढाच, की ते लोक ज्याच्यावरून भांडतात तेच मुद्दाम दाखवतात. मी पहिल्यांदा गेले त्याच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, महोत्सवाने सिमोन बितों यांचा 'रेचेल' हा माहितीपट लावला होता. रेचेल कॉरी ही तेवीस वर्षांची अमेरिकन मुलगी. २००३ मध्ये गाझातल्या रफाहमध्ये घरं पाडायला आलेल्या इस्रायली लष्कराच्या बुलडोझरसमोर ती उभी राहिली आणि त्याखाली मेली. चालकाला ती दिसलीच नाही, असं लष्कराचं म्हणणं. दिसली होती, असं तिच्या सोबत्यांचं. महोत्सवाने तिच्या आईलाही बोलावलं. समाजात रान पेटलं. देणगीदार बिथरले, पत्रांचा भडिमार झाला, कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. खेळाआधी विरोधी बाजूच्या माणसालाही मंचावर बोलू दिलं, तर प्रेक्षागृहातून हुर्यो आणि टाळ्या दोन्ही आल्या. पुढच्या वर्षी, ज्यू संस्थांना पैसा देणाऱ्या तिथल्या मोठ्या फेडरेशनने आपल्या अनुदानातून इस्रायलविषयी काय चालेल आणि काय नाही, याचे नियमच छापले.

मी रांगेत होते तेव्हा हे सगळं शिळं व्हायला हवं होतं. झालं नव्हतं. माझ्या पुढच्या दोन मैत्रिणी, सत्तरीच्या, गेली तीसेक वर्षं एकत्र येणाऱ्या, या एका विषयावरून त्या वर्षी एकमेकींशी बोलत नव्हत्या. तरी शेजारशेजारची तिकिटं मात्र काढली होती. एकीला काही सांगायचं असलं की ती मला सांगायची आणि दुसरी ऐकायची.

आमच्याकडे गणपतीत नाटक आणायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो: फॅमिलीला चालेल ना? दुसरा: राजकीय काही नाही ना त्यात? 'घाशीराम' १९८० मध्ये युरोपात न्यायचं म्हटल्यावर काय गदारोळ झाला होता ते आपल्याला ठाऊक आहे. चार दशकांनी आम्ही तो प्रश्नच मिटवून टाकला आहे, असलं काही आणायचंच नाही. भांडण नको म्हणून. त्या दोन आज्यांकडे बघताना मला आमच्या शांततेची जरा लाजच वाटली. अर्थात भांडणंही आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर आणि गाझातल्या युद्धानंतर रांगेत पिशव्या तपासणारे रक्षक वाढले, आवाज खाली गेले. २०२४ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात तर सुरक्षेचं कारण देऊन चित्रपटगृहाने ज्यू महोत्सव लांबणीवरच टाकला. चित्रपट इस्रायलचे असले की कुणाला ते प्रचार वाटतात, आणि त्याच चित्रपटांमध्ये सरकारचे वाभाडे काढलेले असतात म्हणून दुसऱ्या कुणाला तो देशद्रोह वाटतो. एकाच रिळावर दोन्ही आरोप. रीळ आता नसतं म्हणा.

इस्रायली चित्रपटांतला माझा लाडका म्हणजे एरान कोलिरिन यांचा २००७ चा 'द बँड्स व्हिजिट'. इजिप्तच्या पोलिसांचं वाद्यपथक, आकाशी निळ्या कडक गणवेशात, इस्रायलमध्ये एका कार्यक्रमाला येतं. जायचं असतं पेताह तिक्वाला. पण अरबीत 'प' नाही. इजिप्शियन जिभेवर 'प'चा 'ब' होतो आणि पथक जाऊन पोचतं बेत हतिक्वा नावाच्या, वाळवंटातल्या कुणीही कधी न गेलेल्या गावाला. पुढची बस दुसऱ्या दिवशी. मग रात्रभर काय काय होतं, तेवढाच चित्रपट. युद्ध नाही, भाषण नाही. एक अक्षर जिभेला जमलं नाही म्हणून अनोळखी माणसांनी एकमेकांच्या घरी जेवायचं. त्यात गंमत अशी की इजिप्शियन आणि इस्रायली एकमेकांशी बोलणार कशात, तर मोडक्या इंग्रजीत. त्यामुळे निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीत झाले आणि ऑस्करवाल्यांनी परभाषेच्या विभागातून त्याला बाद केलं.

एका अक्षरावर गाव चुकण्याची ही गोष्ट मला इतकी का लागली, ते मला तेव्हा कळलं नाही. माझं अक्षर अजून यायचं होतं.

अलिबागला आमचं घर इस्रायल आळीच्या तोंडाशी. बाहेरच्यांना हे नाव ऐकून नवल वाटतं. आम्हाला तो पत्ता होता. शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब. जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत, कारण घाणा चालवायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, ही कथा आम्ही शेजाऱ्यांच्याच तोंडून ऐकली, तिथली थडगी पाहिली. त्यांच्या प्रार्थनास्थळाला आम्ही आणि तेही 'मशीद'च म्हणायचो. पुण्याच्या ज्यू प्रार्थनास्थळाला लोक 'लाल देऊळ' म्हणतात. एकाच धर्माच्या वास्तूला समुद्राकाठी मशीद आणि घाटावर देऊळ, आणि दोन्हीकडे कुणाची काही तक्रार नाही, असे ते दिवस.

शेजारच्या मावशी नऊवारी नेसत, मंगळसूत्र घालत आणि आमच्या आईपेक्षा शुद्ध मराठी बोलत. त्यांच्या नव्या वर्षाला, भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला, चिकाचा हलवा येई. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा. त्यात नारळाचं दूध आणि साखर. आणि मग ढवळत बसायचं, हात मोडेस्तोवर. मटणाच्या जेवणासोबत दूध चालत नाही म्हणून नारळाचं. हलवा थंड झाला की ताटात सुरी फिरवून शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडत. ताट रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून आई त्यात करंज्या घालून पाठवी, आणि मावशी पहिल्यांदा विचारत, "तूप कसलं गो? डालडा नाही ना?"

त्यांच्या दाराच्या चौकटीला उजवीकडे एक बोटभर डबी ठोकलेली होती, आत काहीतरी लिहिलेली गुंडाळी. आत-बाहेर करताना मावशी त्या डबीला बोटं लावून ओठांना लावत. मीही लावायचे. मला वाटायचं, त्या घरात शिरायचा तो नियमच आहे, चपला काढण्यासारखा. कुणी कधी टोकलं नाही.

मी पाचवीत असताना ते कुटुंब इस्रायलला गेलं. पाटा-वरवंटा आमच्याकडे ठेवून गेलं. तो अजून आमच्या मागच्या पडवीत आहे. सुरुवातीला निळी हवाई पत्रं यायची, मोडी वळणाच्या जुन्या मराठी अक्षरात. शेवटच्या ओळीत नेहमी 'कुणी येणारं असलं तर आमसुलं पाठव'. मग पत्रंही थांबली.

मोठेपणी एक खेळ मनात सुरू झाला. हिंदी चित्रपटांतली ज्यू माणसं मोजायचा. पुण्याला जन्मलेली, टेलिफोन ऑपरेटर असलेली रूबी मायर्स मूकपटात आली ती 'सुलोचना' होऊन. पुढे १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम झाली 'प्रमिला', आणि १९४७ ची पहिली मिस इंडिया. सुझन सॉलोमन झाली 'फिरोजा बेगम'. फ्लॉरेन्स इझिकेल झाली 'नादिरा', जिने 'श्री ४२०' मध्ये सिगारेटची लांब नळी धरून अख्ख्या देशाला मागे वळून न पाहण्याचा सल्ला दिला. भल्या घरच्या हिंदू-मुसलमान मुलींना पडद्यावर यायला बंदी होती, त्या मोकळ्या जागेत या मुली आल्या. नावं मात्र बाहेर ठेवून, चपलांसारखी.

पुरुषांना नाव बदलावं लागलं नाही, पण कातरावं लागलं. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, 'गोलमाल'मधले मामा, टक्कल आणि हसरे डोळे, श्रेयनामावलीत नुसते 'डेव्हिड'. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल, आमच्या घरापासून एस.टी.ने अर्धा-पाऊण तास. आणि भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१. त्याचं मूळ नाटक लिहिणारे जोसेफ डेव्हिड, ते पेणकर. पेण! जिथून आमचा गणपती येतो ते पेण. भारतीय सिनेमाला बोलायला शिकवणाऱ्यांत पेणचा एक ज्यू माणूस होता, हे मला शाळेत कुणी का सांगितलं नाही? पेणकर, चेऊलकर, दिवेकर, रोहेकर, किहीमकर. बेने इस्रायलांची आडनावं वाचणं म्हणजे अलिबाग आगाराच्या फलकावरची गावं वाचणं. डॅनी बेन-मोशे यांच्या २०१७ च्या 'शालोम बॉलिवूड' या माहितीपटात यातली बरीचशी मंडळी भेटतात. हा चित्रपट ऑस्ट्रेलियातल्या माणसाने केला आणि तो कौतुकाने पाहिला ज्यू महोत्सवांनी. आपण कुणी केला नाही.

तर, अक्षर. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका ज्यू कम्युनिटी सेंटरमध्ये जुने इस्रायली चित्रपट दाखवायच्या संध्याकाळी असत. कॅस्ट्रोचा थाट नाही. पन्नास घडीच्या खुर्च्या, स्टीलच्या उंच भांड्यातली पांचट कॉफी, कागदी बश्यांत दालचिनीच्या गुंडाळ्या. दाराच्या चौकटीला उजवीकडे ती डबी. माझा हात आपोआप वर गेला, बोटं लागली, ओठांना आली. मागून येणाऱ्या बाईंनी विचारलं, तू ज्यू आहेस? मी म्हटलं, नाही, शेजारीण आहे. त्यांनी अधिक विचारलं नाही, पण येऊन माझ्याच शेजारी बसल्या.

चित्रपट होता आवी नेशेर यांचा, २००४ चा, 'टर्न लेफ्ट अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड'. जगाच्या टोकाला डावीकडे वळा. साठच्या दशकाचा उत्तरार्ध, वाळवंटातली एक सरकारी वसाहत, एक बाटल्यांचा कारखाना. तिथे मोरोक्कोहून आलेले ज्यू आणि भारतातून आलेले ज्यू समोरासमोर राहायला येतात. मोरोक्कोवाल्यांना फ्रेंचचा तोरा, आपल्यांना ब्रिटिशांच्या शिस्तीचा. दोघांनाही सरकारने ट्रकमधून आणून वाळूत सोडलेलं. अशा गावांत आपले लोक खरंच राहिले, दिमोना, बीरशेबा. तिथलं क्रिकेट जिवंत ठेवणाऱ्यांत तेही होते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला काहींनी वागणुकीला कंटाळून धरणं धरलं आणि भारतात परत आले. पुढे तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी यांच्या पिढ्या तपासायच्या असं ठरवलं, दोन हजार वर्षं शनिवार पाळलेल्या माणसांच्या. त्याविरुद्ध आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये सरकारला यांना पुरते ज्यू म्हणून मान्य करणं भाग पडलं. चित्रपटात हे सगळं नाही. चित्रपटात दोन मुलींची मैत्री आहे, संप आहे आणि वाळूत क्रिकेट आहे.

भारतीय कुटुंबाचा कर्ता पडद्यावर आला आणि मी हसले. परमीत सेठी! काजोलशी लग्न ठरलेला तो पंजाबी कुलजीत, इथे मुंबईहून आलेला ज्यू. घरात बहुतेक इंग्रजी. मला राग यायला लागला होता, मावशींची नऊवारी आणि 'डालडा नाही ना' आठवून. तेवढ्यात कुणीतरी त्याला आडनावाने हाक मारली. मिस्टर तल्कार.

माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "तळकर."

दोन-तीन माना वळल्या. मुंबई-गोवा रस्त्यावर इंदापूरहून आत वळलं की तळा लागतं. तळ्याचे ते तळकर, दुसरं काय? सुलोचना झालेल्या रूबीपासून नुसत्या डेव्हिडपर्यंत मोजत आले होते, आणि इथे, हिब्रू चित्रपटात, कुणीतरी 'कर' पडद्यावर न कातरता ठेवला होता. फक्त मधलं अक्षर समुद्र ओलांडताना बुडालं होतं. हिब्रूत ळ नाही. इंग्रजीतही नाही. तिकडे जन्मलेल्या तळकरांच्या नातवंडांना आपलं आडनाव कसं म्हणायचं, ते तरी ठाऊक असेल का? इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं, त्यात तो ळ छापला जातो. पण छापलेला ळ वेगळा, जिभेवरचा वेगळा.

दिवे लागल्यावर चर्चा झाली. एका गृहस्थांनी विचारलं की भारतातले ज्यू खरंच असे इंग्रज होते का. संयोजिकेने इकडेतिकडे पाहिलं, आणि शेजारच्या बाईंनी माझं मनगट धरून माझा हात वर केला. "हिला विचारा. ही शेजारीण आहे."

मी काय बोलले ते धड आठवत नाही. घाणा सांगितला, चीक सांगितला, गहू किती वेळ भिजवायचा तेही सांगितलं असणार, कारण दोघीतिघी कागदावर लिहून घेत होत्या. हेही भाषणच झालं, प्रश्न नव्हे, पण कुणी अडवलं नाही. खुर्च्या मिटायला लागल्या तरी त्या बाई उठेनात. त्यांचा जन्म पोलंडमधला, हे त्यांनी ओघात सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या आडनावातला एक 'ल' पोलिशमध्ये आडवी रेघ मारून लिहितात आणि 'व'सारखा म्हणतात, अमेरिकेच्या बंदरावर ती रेघ पुसली गेली.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

"तळकर."

"तर्-कर."

"नाही. जीभ मागे वळवा, टाळूला लावा, आणि पुढे सोडा. ळ."

त्यांनी जीभ वळवली. आवाज फुटला तो ड आणि र यांच्या मधला काहीतरी. त्यांनी चष्मा काढला, माझ्या तोंडात वाकून पाहिलं, दातांच्या डॉक्टरसारखं, आणि म्हणाल्या, "आता सावकाश."